कोणत्या फॅकल्टीच्या तुम्ही?

"कोणत्या फॅकल्टीच्या तुम्ही?"
रोज सकाळी विचारतात डॉक्टर मॉरीन रॉब्सन,
मी त्यांच्या स्वेटरची बटणं लावत असताना.
खालून वर लावते. वरून सुरू केलं की एक उरतंच.

पहिल्या आठवड्यात खरं ते सांगितलं:
केअर कंपनीची. निळा अंगरखा, छातीवर नाव,
माझ्या वेळापत्रकात तुम्ही चाळीस मिनिटं.
त्यांना ते पटलं नाही.

मग म्हटलं, विज्ञान.
तेही खरंच. मिरजेत चौदा वर्षं वनस्पतिशास्त्र,
समारंभाच्या पत्रिकेत 'आमच्या फॅकल्टी मेंबर',
पगाराच्या कागदावर 'तासिका तत्त्वावर'.
विद्याशाखा म्हणायचे.
शाखा होती खरी. तिच्यावर मी कुठे बसले होते
ते विचारू नका.

त्यांची मुलगी लीड्सहून फोन करते.
"आईच्या फॅकल्टीज चालल्यात," म्हणते हळूच,
आणि मला दिसतं विद्यापीठच,
एकेक विभाग बंद होत निघालेलं:
आधी हिशेबाचा, मग तारखांचा,
परवा भूगोलाचा,
स्वयंपाकघर कुठल्या अंगाला ते आठवेना तेव्हा.
दारांना कुलपं, आणि कॉरिडॉरमध्ये
एकटा दिवा कुणीतरी चालू ठेवलेला.

हेक्समच्या बसमध्ये मी या शब्दाला मराठी शोधत बसते.
शक्ती म्हणावं तर देवळातलं वाटतं,
क्षमता म्हणावं तर जिल्हा परिषदेतलं.
आई असलं काही म्हणायचीच नाही.
म्हणायची, त्याला गळा आहे.
तिच्या हाताला चव आहे.
कान नाही मेल्याला, तरी पेटी घेऊन बसतो.
संपलं. गुण अवयवातच राहायचा,
वेगळं खातं उघडावं लागत नसे.

आणि या खेड्यात शब्दाला आणखी एक घर निघालं.
चर्चच्या दारावर, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाने फुगलेला कागद:
फॅकल्टीसाठी अर्ज.
मला वाटलं, आत कॉलेज काढतायत.
मिस्टर ऑर्ड हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
म्हणाले, इथली खुंटी हलवायची तरी
बिशपच्या न्यायाधीशाची परवानगी लागते,
त्या परवानगीलाच फॅकल्टी म्हणतात.
मागून तिसरा बाक काढायचाय.
मॉरीनची खुर्ची मावत नाही.

खाली लिहिलेलं:
कुणाची हरकत असल्यास अठ्ठावीस दिवसांत कळवावे.

मी तो कागद तीनदा वाचला.
म्हणजे एकीच्या गेल्या म्हणून
दुसरी मागवली होती गावाने,
रीतसर, सही-शिक्क्यानिशी,
आणि मधे मी, माझी मिरजेला राहिलेली.

रविवारी त्यांना चर्चच्या भिंतीपाशी नेलं.
आठवडाभर कोरडं गेलं होतं, इथे नवलच.
दगडांवरचं शेवाळ करपून तपकिरी झालेलं.
त्यांनी अंगठा जिभेला लावला,
(मी "नको" म्हणेपर्यंत लावलाही)
आणि तो दाबून धरला त्या करपल्या ठिपक्यावर.
थांबल्या. मीही.
पानं एकेक सुटली, हिरवी झाली,
त्यांच्या अंगठ्याएवढीच जागा.

त्याचं लॅटिन नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलं
आणि परत गेलं.
मला माहीत होतं ते. मी सांगितलं नाही.
खिशातलं भिंग काढलं, मिरजेचं, दांडी तुटलेलं,
त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी ते डोळ्याला लावलं, भिंतीला नव्हे,
बरोबर जसं लावायचं तसं,
आणि भिंतीजवळ डोकं नेलं.

बराच वेळ.
चाळीस मिनिटं होऊन गेली असावीत.

मग मान न वळवताच:
"कोणत्या फॅकल्टीच्या तुम्ही?"

तुमच्याच, म्हटलं.
"हं," म्हणाल्या. "मग उशीर का केलात?"